मऊ भात आणि माझा हट्ट

माझा स्वभाव तापट. आता सत्तरी उलटली म्हणून थोडा निवलो असेन, पण त्या काळी नाकावर माशी बसू देत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते या स्वभावामुळेच घडलं आणि त्यात माझी काही फार शोभा होत नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी कोळ्यांची वस्ती असलेल्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. मूळचा तळा गावाकडचा, भातशेतीवाल्या घरातला. आदल्या भाद्रपदात बायको तापाने गेली. सहा वर्षांचा संसार, आठ दिवसांच्या तापात आटोपला. मागे राहिलो मी आणि आमची पाच वर्षांची मुलगी. तिला सगळं गाव बाय म्हणायचं, म्हणून मीही बायच म्हणत असे.

माझी थोरली बहीण येऊन राहिली. तिने चार महिने घर सांभाळलं. पण तिचाही प्रपंच होता. पौष संपता संपता तिच्या घरून निरोपावर निरोप यायला लागले आणि डोळे पुसत ती गेली. जाताना म्हणाली, "दुसरं लगीन कर, न्हायतर पोरीला माणगावला आजीकडं पाठव. तुझ्यानं व्हायचं न्हाय." तिच्या पाठोपाठ आठवड्याच्या आत माणगावहून सासूबाईंचं पत्र आलंच. त्यांना लिहिता येत नसे, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. शिमग्याला येते, बायला घेऊन जाते, पुरुषाच्या हाताखाली पोर वाढत नाही, असा मजकूर.

मला मिरच्या झोंबल्या. पुरुषाच्या हाताखाली म्हणे! मी चाळीस पोरांना हाताखाली वाढवत होतो. त्याच बैठकीत उत्तर लिहिलं : बाय कुठेही जाणार नाही, स्वयंपाक मी करतो, काळजी नसावी. हे लिहिताना भात किती पाण्यात शिजतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. उलट टपाली जबाब आला. शिमग्याच्या आठ दिवस आधी येते, पोर तुमच्या हातचं जेवते का ते डोळ्यांनी बघते. जेवत असेल तर ठेवा, नसेल तर माझ्याबरोबर पाठवा, मग शब्द फिरवू नका.

मी कबूल केलं. न करून सांगतो कुणाला? बाय माणगावला गेली असती तर दिवाळीत आणि मे महिन्यात भेटली असती, पाहुण्यासारखी. पहिल्या वर्षी रडत बिलगली असती, दुसऱ्या वर्षी आजीच्या पदरामागून बघितलं असतं. बायको गेली तेव्हा चार माणसांत मी रडलो नव्हतो. हे पत्र हातात घेऊन मात्र शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन रडलो.

मग बाह्या सरसावल्या. हातात महिना होता.

आता आमच्याकडचा माघ-फाल्गुन ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. वर्षातले सगळ्यात लहरी दिवस. पहाटे जमिनीवरून वारा सुटतो, त्याला कोळी मतलई म्हणतात. तो इतका गार की घोंगडीतून हात बाहेर काढवत नाही. पागोळ्यांतून दव टपटपत असतं. दहा वाजले की ऊन असं चढतं की शाळेचं पत्र्याचं छप्पर करकर वाजायला लागतं. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून खारट, चिकट हवा येते. आणि मधूनच एखाद्या दिवशी मळभ दाटतं, ना थंडी ना ऊन, आंब्याचा मोहोर काळा पडतो आणि पोरं शेंबडी होऊन खोकायला लागतात. अशा दिवसांत मोठ्या माणसाच्यासुद्धा तोंडाची चव जाते, लेकराचं काय घेऊन बसलात.

पहिल्या दिवशी मी मऊ भात केला. करायला सोपा, म्हणून. नवा तांदूळ होता. त्याला पाणी कमी लागतं हे कोण सांगणार? मी हात सैल सोडून पाणी ओतलं. जे तयार झालं त्याने शाळेतले नकाशे चिकटवता आले असते. दुसऱ्या दिवशी पाणी तोडलं तर भात कचकचीत राहिला आणि खालून लागला. तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी करायला घेतली. उकळत्या पाण्यात मूठभर पीठ टाकलं. गुठळ्या! सुपारीएवढ्या गुठळ्या, वरून शिजलेल्या आणि आत कोरड्या पिठाच्या. बायने एक उचलली, बोटांत दाबली, पीठ बाहेर आलं आणि ती खुदकन हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. पण खाल्लं काही नाही.

मी शेजारी गेलो. शेजारी एक कोळीण राहायची, पन्नाशीची, धिप्पाड, आवाज या काठावरून त्या काठाला जाईल असा. ती जगात कुणालाच 'तुम्ही' म्हणत नसे, मामलेदार आला असता तर त्यालाही 'तू' म्हणाली असती. अंगणात बांबूच्या मांडवावर ती बोंबील वाळत टाकत होती. मी पातेलं तिच्या पुढ्यात धरलं.

तिने आत वाकून पाहिलं. "काय रं मास्तर, यो काय जाल्यात सापडला तुला?"

"कुळथाची पिठी आहे."

"आगं बाई!" ती इतकी हसली की हातातले बोंबील खाली पडले. मग बोंबील उचलून ठेवले. पदराने तोंड पुसून म्हणाली, "चल. दावते."

तिने दाखवलं. आधी तेलात ठेचलेला लसूण, तो लाल होईस्तोवर थांबायचं, घाई करायची नाही. मिरची, मग पाणी, दोन आमसुलं. पीठ वेगळ्या वाडग्यात गार पाण्यात कालवून, एकही गाठ न ठेवता, मग बारीक धारेने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. "हात थांबला की गाठ झाली," ती म्हणाली. नव्या तांदळाचं पाणी बोटाच्या पेरावर कसं मोजायचं तेही सांगितलं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे हवा बघून चूल पेटवायला शिकवलं. मतलई असेल तेव्हा सकाळी जाड्या तांदळाची गरम पेज, मीठ घालून, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. ऊन चढलं की आमसुलाचं सार, गूळ-जिऱ्याचं, भातावर पातळ. मळभाच्या दिवशी मात्र काही शहाणपणा करायचा नाही, कुळथाची पिठी आणि मऊ भात, वर लसणाची फोडणी जास्त. ती छातीला शेक देते. तिचं स्वतःचं पोट याच आभाळावर चालायचं. मळभ आलं की मांडवावरचे बोंबील कुजायचे. त्यामुळे आभाळ वाचण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता.

मी मास्तर माणूस, अभ्यासाला घाबरणार थोडाच. रोज पहाटे अंगणात उभा राहून वारा बघायचो आणि मग ठरवायचो. पंधरा दिवसांत पिठी अशी जमली की स्वतः कोळीण बोट बुडवून चाटून "व्हय, आता झाली," म्हणाली. मला पहिल्या नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. भाकरीने मात्र हात पोळले. तांदळाच्या पिठाची उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि थापताना ती माझ्या हाताला सोडून परातीला चिकटायची. शाळेत खडू धरताना बोटांचे फोड दुखायचे. पोरं टकामका बघायची. गावात बोलणं झालंच. मास्तर चुलीपुढं बसतो, मास्तर मसाला वाटतो. पाणवठ्यावर बायका पदराआड हसायच्या. हसा म्हटलं, पोटभर हसा.

पण ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते काही होत नव्हतं. बाय जेवत नव्हती.

मी पान वाढायचो. चांगलं स्वच्छ ताट, मधोमध मऊ भात, वर पिठी, वर तुपाचा थेंब. तिला पाटावर बसवायचो, समोर मी उकिडवा बसायचो आणि म्हणायचो, "जेव बाय."

ती ताटाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "मग."

"मग म्हणजे कधी? निवलं की?"

"मग."

"आवडत नाही का?"

मान हलवून नाही म्हणायची. म्हणजे आवडत नाही असं नाही. मग जेव ना! "मग." गोंजारून झालं, गोष्टी सांगून झाल्या, काऊ-चिऊचे घास झाले. एकदा आवाजही चढवला. ओठ थरथरले तिचे, पण घास काही उचलला नाही. उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली, भिंतीला टेकून. तशीच बसून राहायची आणि कधी कधी तिथेच झोपून जायची. मी ताटातलं परत पातेल्यात लोटायचो, पातेल्यातूनच दोन घास खायचो आणि पळायचो.

माझंही डोकं फिरलं. एके दिवशी मी हट्टाला पेटलो. तिच्यासमोर हात जोडून म्हणालो, "हे बघ बाय, आजपासून तू जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. आधी तू. तू उपाशी तर मीही उपाशी." मला वाटलं, बापाची दया येईल पोरीला. तिचे डोळे भरून आले. पण जेवली नाही. आणि मी शब्दाचा पक्का! तिच्यासमोर घास घेतला नाही तो नाहीच. ती झोपली किंवा बाहेर खेळायला गेली की चुलीपाशी उभ्या उभ्या चार घास गिळायचो, चोरासारखे, आणि शाळेत जायचो.

माझ्या जिवाला खरी आग लावली ती दुसऱ्याच गोष्टीने. हीच पोर शेजारी कोळणीकडे दोन दोन भाकऱ्या खायची! पुरुष होडीवर गेले की कोळीण आणि तिच्या सुना अंगणात घोळक्याने जेवायला बसत, त्यांच्यात ही जाऊन बसायची आणि बोंबलाचं कालवण बोटं चाटून खायची. मी कुडाआडून पाहिलं आहे. त्याच पिठाची भाकरी, त्याच कुळथाची पिठी. फरक एवढाच की ती माझ्या हातची नव्हती. कोळीण सुनांना घेऊन बोंबील विकायला आठवड्यातले चार दिवस मुरुडच्या बाजारात जायची, म्हणून बरं. नाहीतर मी चूल बंदच केली असती. पण त्या चार दिवसांत पोर वाळायची, आणि गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

मी ताडलं की माझ्या हाताला चव नाही. दुसरं काय कारण असणार? मग हाताला चव आणायची. मी आणखी शिकलो. घावन शिकलो, पातळ, जाळीदार. सार असं केलं की शाळा तपासायला आलेल्या साहेबाने दोनदा मागून घेतलं. साहेब जेवला, पोर नाही.

सासूबाई ठरल्या दिवशी आल्या. माणगावहून दोन एसट्या बदलून, डोक्यावर बोचकं, पायांत काही नाही. हवेने नेमका त्याच दिवशी दगा दिला. तीन दिवस कडक ऊन होतं आणि त्या सकाळी मळभ उतरलं. त्यांना मी मामी म्हणायचो, आमच्याकडची तीच रीत. लेक गेल्यापासून त्या अर्ध्या झाल्या होत्या. ओटीवर बसल्या, बायला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बरगड्या मोजल्यासारखी बोटं थांबवली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मळभाचा स्वयंपाक मला पाठ होता. मऊ भात, पिठी, जास्तीचा लसूण. दोन पानं वाढली. म्हटलं, "मामी, तुम्ही आणि बाय बसा, मी वाढतो."

"तुमी बसा आदी, मास्तर," त्या म्हणाल्या.

"मी मागाहून. आधी ती. माझा नेम आहे तसा."

मामी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग बायकडे. बाय पाटावर बसली होती आणि तिचं ते नेहमीचं सुरू झालं. "मग." मी विनवण्या केल्या. मामींनी ताटाला हात लावला नाही. शेवटी शाळेची वेळ झाली, मी उपाशीच टोपी घातली आणि निघालो. तासाभराने मुलं पाठांतराला लावून धावत घरी आलो तर पातेलं रिकामं. दोघी जेवून ओटीवर बसल्या होत्या. बायच्या हनुवटीला पिठी लागली होती.

"जेवली?" मी विचारलं.

"जेवली की," मामी म्हणाल्या. "चांगली जेवली."

म्हणजे माझीच पिठी, पण आजीच्या हाताने. मी मागच्या मागे शाळेत गेलो. त्या दिवशी एका पोराला उगाच मारलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तीन दिवस असंच चाललं. माझ्यासमोर 'मग', मी पाठ वळवली की ताट साफ. तिसऱ्या दिवशी मामींनी बायचे परकर-पोलकी धुऊन वाळत घातली आणि घडी करून बोचक्यात ठेवायला घेतली. म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं निघतो आमी. शब्द दिलाय तुमी."

दिला होता. कबूल. पण अजून एक सकाळ माझ्या हातात होती, आणि मी काही सहजासहजी हात टेकणारा माणूस नाही. आमच्या भागात कडवे वाल होतात, त्यांचं बिरडं हा बायच्या आईच्या हातचा पदार्थ होता. वाल मी दोन दिवस आधीच भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढून ठेवले होते. गरम पाण्यात टाकून एकेक वाल सोलायचा. वेळखाऊ काम, चार बायका गप्पा मारत करतात तेव्हा कुठे होतं. पुरुषाने ओटीवर बसून वाल सोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी उजाडताच बसलो. पाणवठ्यावर जाणाऱ्या बायका थबकून बघत होत्या. पुन्हा मतलई सुटली होती, बोटं गारठून सालं निसटत होती आणि मला स्वतःलाच सर्दीने धरलं होतं. शिंका देत, नाक पुसत मी सोलत होतो.

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग माझ्यासमोर बसल्या आणि सोलायला लागल्या. बघता बघता परात भरली.

बिरडं झालं. खोबरं, गूळ, आमसूल, सगळं जिथल्या तिथे. मी भात उतरवला. बायचं पान घेतलं, तेवढ्यात मामींनी माझ्या हातातून पळी काढून घेतली.

"मास्तर, पानावर बसा."

"मी? मी कशाला? आधी ती..."

"बसा म्हणते ना."

त्या आवाजाला मी बसलो. त्यांनी मला वाढलं. बाय उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभी होती. मामी म्हणाल्या, "आता जेवा. तिच्याकडं बघू नका. पोटभर जेवा."

गिळत नव्हतं, पण जेवलो. शेवटचा घास घेऊन उठलो, मागच्या दारी हात धुतला, खांद्यावरच्या पंच्याला पुसत वळलो. बघतो तर बाय माझ्या पाटाच्या कडेला, माझ्या उष्ट्या ताटापुढे मांडी घालून बसली होती. अर्ध्या पाटावर. उरलेली अर्धी जागा तिने रिकामी सोडली होती. मामींनी ताटात पळीभर भात वाढला आणि ती जेवायला लागली, बिरड्याच्या भाताचे घासच्या घास, मान खाली घालून, कुणीही काही न सांगता.

मला काही कळेना. मामींकडे बघितलं.

"आईसंगं अशीच जेवायची ती," मामी म्हणाल्या. "तुमी जेवून उठलात की तुमच्याच ताटात. दोगी मिळून. आदी बाबा, मंग आपण. तुमच्या बहिणीसंगंबी तसंच जेवली, पोरच सांगते. तुमी तिला आदी जेव म्हणत होतात, ती तुमची वाट बघत होती."

आणि मी शपथ घेतली होती. आधी तू. पाच वर्षांच्या पोरीसमोर हात जोडून घेतली होती. महिनाभर ती माझ्या जेवणाची वाट बघत उपाशी बसली होती आणि मी तिच्या.

"तुम्हाला कधी कळलं हे?" मी विचारलं.

मामींनी पळी खाली ठेवली. "पयल्या दिवशीच. तुमी माझा नेम हाय म्हणालात, तवाच."

"आणि बोलला नाहीत?" माझा आवाज चढला. "तीन दिवस! मी वेड्यासारखा राबतोय आणि तुम्ही बघत बसलात?"

"न्हाय बोलले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "मला पायजे होती ती. माझी लेक गेली, मास्तर. घरात कुणी न्हाय मला. म्हटलं, गप ऱ्हाईन आन् घेऊन जाईन. तुमी शाळेत गेलात की, बाबा जेवून गेले, म्हणायची तिला आन् वाढायची. सकाळी तुमाला वाल सोलताना बघितलं आन् मला माझीच लाज वाटली."

मी बोलणार होतो, बरंच बोलणार होतो. सगळं जिभेवर आलं होतं. पण बाय जेवत होती आणि पाटाची ती अर्धी जागा रिकामी होती. सहा वर्षं रोज दोन वेळा मी जेवून, हात धुऊन, ओटीवर पेपर वाचायला जायचो. माझ्या पाठीमागे त्या पाटावर कोण बसायचं, काय उरायचं, किती उरायचं, मी कधी वळून पाहिलं नव्हतं. माझ्या बायकोला जेवताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मामी," मी म्हणालो, "तिला काय आवडायचं?"

"कुणाला?"

"तुमच्या लेकीला. खायला."

मामींनी आधी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी थट्टा करतोय. मग त्यांचा चेहरा उतरला.

"गरम भात," त्या म्हणाल्या. "दुसरं काय न्हाय. चुलीवरून उतरल्या उतरल्या वाफेचा भात, नुसता मिठासंगं. ल्हानपणी त्याच्यासाठी रडायची. मीच सांगायची तिला, बाईच्या जातीला गरम मिळत न्हाय गो, सवय कर."

मी खाली बसलो, भुईवरच. बायने ताट चाटून पुसून संपवलं आणि माझ्या खांद्याला धरून विचारलं, "बाबा, गाडी गेली?"

"गेली," मामी म्हणाल्या. आणि त्यांनी बोचक्याची गाठ सोडली.

मी उठलो. चुलीत लाकडं सारली, फुंकर घातली, आधण ठेवलं. बोटाच्या पेरावर पाणी मोजलं. मामी म्हणाल्या, भात हाय की अजून, कशाला टाकताय? मी म्हटलं, तो निवला. दोन पाट होते, तिसऱ्याच्या जागी पोतं घातलं, तिन्ही एका रांगेत. तीन ताटं. भात उतरला तेव्हा शाळेची घंटा कुणातरी पोराने आपणहून दिली, ऐकू आली. मी गेलो नाही.

"बसा, मामी. बाय, तू इकडे. आधी नाही, मग नाही. सगळ्यांनी आत्ता."

मामी बसल्या, पण हात मांडीवरच. साठीच्या बाईने जन्मात कधी पुरुषाच्या बरोबरीने घास उचलला नव्हता, वाफाळत्या भाताचा तर नाहीच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही थांबलो. त्यांनी मीठ घेतलं, भातात कालवलं, पहिला घास तोंडात घातला आणि तो तसाच तोंडात धरून रडायला लागल्या.